पाय काढल्यावर

पाय काढ, इलारियोन.
पूर्ण काढ, बूट मला दिसू दे.
काढलास?
मग हा अजून कुणाच्या हुकमाने ओरडतोय?

उतारावर, म्हणतोस, ला पाझच्या वळणांवर
क्लच दाबला की मिनीबस किंचाळते,
आणि चौदा प्रवासी तुझ्या मानेकडे बघत राहतात
जणू तूच किंचाळलास.

चौकातल्या मेकॅनिकने सांगितलं: उंची.
इथे एल आल्टोत सगळं उंचीच्या माथी मारतात.
भात कच्चा राहिला, उंची.
पोर रात्रभर रडलं, उंची.
माझा जावई परत आला नाही, त्यालाही उंचीच लागली म्हणे.
चार हजार मीटरवर हवा विरळ आहे, कबूल.
पण ती रोजच विरळ असते,
सोमवारी सुरू होऊन गुरुवारी वाढत नाही.

आधी साधं बघू.
पायपुसणं पेडलखाली अडकलंय? नाही.
केबल ओढते, सोडते: सरकते, तक्रार नाही.
स्प्रिंग आहे, आणि माझ्यापेक्षा ताठ आहे.
झडप खटकन मिटते, स्क्रूवर टेकते.
आणि हा स्क्रू कुणी पिळला, अडीच फेरे आत?
चढावर बंद पडायची म्हणून ना?
ताप उतरेना म्हणून थर्मामीटर झटकावा, तसला इलाज.

आता बोलू नकोस.
नळीचा तुकडा कानाला लावते,
दुसरं टोक इंजिनावर फिरवते.
माझी आई बायकांची पोटं अशीच ऐकायची.
पंख्याचा घोंगाट. पट्ट्याची कुरकुर.
आणि त्यांच्याखाली,
दातांच्या फटीतून कुणी चहा भुरकावा तसं
सुस्स्.

हवा आत येतेय. दारातून नाही, भिंतीतून.
कार्बोरेटरला न विचारता, न मोजता.
तू पाय काढतोस, दार लागतं,
भिंतीतून पुरवठा चालूच,
आणि इंजिन, भोळं बिचारं, समजतं
मालक अजून दाबतोय.

पाण्याची पिचकारी. बुडाच्या फटीवर एक थेंब.
ऐक. आवाज खाली आला.
थेंब आत गेला, आवाज पुन्हा वर.
पुन्हा थेंब.
चार वेळा केलं. दोनदा खात्रीसाठी,
बाकीचं मजा म्हणून, खोटं कशाला बोलू.

चार नट. कार्बोरेटर हातात आला,
आणि बुडाशी गॅस्केट नव्हतंच.
पुठ्ठा होता. बिस्किटांच्या खोक्याचा,
वरच्या पोपटाची अर्धी चोच शाबूत,
भोकं खिळ्याने पाडलेली,
कडेला लाल सीलंट आणि त्यात उमटलेला एक अंगठा.

अंगठा ओळखीचा होता.
त्यावर आडवा व्रण, लेथने दिलेला.

रस्ते अडवलेल्या त्या ऑगस्टात
खालून एक बोल्टसुद्धा वर येत नव्हता.
तू रात्री आलास, बायकोचे दिवस भरलेले,
आणि मी पोराची बिस्किटं ताटलीत ओतून
खोकं कापत म्हणाले होते,
आठ दिवस चालेल.
तीन वर्षं, इलारियोन.
तुझी मुलगी आता मागच्या सीटवर उभी राहून
सुट्या नाण्यांचे मनोरे रचते.

नवं गॅस्केट. स्क्रू अडीच फेरे मागे.
चालू कर. दाब. अजून. आता सोड.
तीन हजार, दोन, दीड,
नऊशे.
थांबलं. आज्ञाधारक, जरासं गोंधळलेलं.

काय होतं, तू विचारलंस.
पुठ्ठा माझ्या एप्रनच्या खिशात होता,
बोटं त्याच्या चोचीवर.
उंची, म्हणाले मी.
तू मान हलवलीस. सगळेच हलवतात.
मजुरी का घेतली नाही, ते विचारलं नाहीस.

आता पहिलं वळण आलं असेल.
शटर अर्धं ओढून उभी आहे,
पाना हातातच,
कान खालच्या रस्त्याकडे.